निळ्या रेशमाचा मुकुट

त्या सोमवारी, सलग दुसऱ्या महिन्यात, राणीचे कपडे भिजवायच्या टबात नुसतं स्वच्छ पाणी होतं.

मास्टर पेलनं वाकून बघितलं. त्याच्याबरोबर आलेल्या म्हाताऱ्या सुईणीनं पाण्यात बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि मान हलवली. धोबीखान्यात आम्ही सात बायका होतो, पण कपडे धोपटण्याचा आवाज एकाएकी थांबला.

"या महिन्यातही नाही?" पेलनं विचारलं.

"अजून नाही," आमची कारभारीण मॉड मावशी म्हणाली. "बाईसाहेबांचं वय झालंय. चार-आठ दिवस इकडेतिकडे व्हायचंच."

"मागच्या महिन्यात तू हेच म्हणाली होतीस, मॉड."

"मागच्या महिन्यातही हेच खरं होतं."

हा पेल राजाच्या एका बड्या मंत्र्याचा माणूस. दर महिन्याला राजवाड्याच्या धोबीखान्यात यायचं आणि राणीची पाळी आली की नाही ते तिच्या कपड्यांवरून बघून जायचं, एवढंच त्याचं आमच्याकडे काम. कुणालाही लाज वाटावी असं काम, पण तो ते बाजारात पाव दाबून बघावा तसं करायचा. त्या दिवशी मात्र त्याचा चेहरा फुलला होता. थेम्सच्या घाटाकडे तो जवळजवळ पळतच गेला आणि म्हातारी मागून लंगडत राहिली.

मावशीनं बाकीच्या बायकांना वाळवणाकडे पिटाळलं, दार लोटलं आणि माझ्याकडे वळली.

"सिसली, तुझं काय झालं गं?"

"अजून नाही."

"मागच्या वेळी ताप होता म्हणालीस."

"आताही कसकस आहेच. तापानंच पुढं गेली असेल."

मी पिळलेलीच चादर पुन्हा पिळत राहिले. मावशी माझ्याकडे बघत होती आणि मला वर बघायची छाती होत नव्हती.

आता सांगायला हरकत नाही. त्यातलं माझ्याशिवाय कुणीच उरलेलं नाही, आणि त्या राजानं पुढं एकामागून एक किती राण्या केल्या आणि त्यांची काय गत झाली, हे उभ्या इंग्लंडला ठाऊक आहे. ही गोष्ट त्याच्या पहिल्या राणीची, आणि ती समुद्रापलीकडून आलेली. मी दहा-बारा वर्षं तिचे कपडे धुतले, पण तिला एकदाही पाहिलं नाही. धोबिणींना वरच्या मजल्यावर जायची मुभा नव्हती. तिचे कपडे आमच्याकडे कुलूपबंद टोपलीतून यायचे आणि त्या टोपलीच्या किल्ल्या दोनच. एक मावशीकडे, दुसरी राणीच्या खास दासीकडे, बेआत्रिसबाईंकडे.

राणीची पाच बाळंतपणं झाली होती आणि पाचही वेळचे कपडे मावशीच्या हाताखालून गेले होते. एक मुलगी जगली. राजाला मुलगा हवा होता. राणीला महिन्याच्या महिन्याला होतंय तोवर आशा होती, आणि आशा होती तोवरच ती राणी होती. हे पेलला माहीत होतं, परदेशी राजदूतांना माहीत होतं, आणि आम्हाला तर सगळ्यांच्या आधी माहीत होतं.

त्या सोमवारच्या वर्ष-सव्वा वर्ष आधी टोपलीतून राणीच्या घड्या कोऱ्याच यायला लागल्या. घड्या म्हणजे महिन्याच्या त्या दिवसांत घ्यायची कापडं. राणीच्या घड्या तलम, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात निळ्या रेशमाचा इवलासा मुकुट. दोन महिने मावशी काही बोलली नाही. तिसऱ्या महिन्यात पेलच्या फेऱ्या सुरू झाल्या, तेव्हा तिनं मला कोपऱ्यात घेतलं आणि राणीच्या सहा घड्या माझ्या हातात ठेवल्या.

"या तू वापरायच्या. मग मला आणून द्यायच्या. कुणाला एक अक्षर सांगितलंस तर तुझी जीभ उपटीन."

"मी? राणीच्या?"

"मग काय माझ्या? माझं कधीच संपलंय."

मी विचारलं होतं, कोंबडीचं रक्त लावलं तर नाही का चालणार. मावशीनं माझ्या डोक्यात टपली मारली. ती म्हातारी सुईण कशाला आणतो पेल? तिला माणसाचं आणि कोंबडीचं नाकानं कळतं.

तर असे दहा महिने मी राणीच्या घड्या घेतल्या. त्या गार पाण्यात भिजायच्या, कारण गरम पाण्यानं डाग बसतो. पेल यायचा, बघायचा, जायचा. राणीला यातलं काही ठाऊक नव्हतं. मावशी आणि बेआत्रिसबाई, दोघींनीच हे ठरवलं होतं. उघडकीला आलं असतं तर राणीचं आसन गेलं असतं आणि राजाला फसवल्याबद्दल मावशीचा हात तरी तुटला असता, नाहीतर मुंडकं. मला मात्र त्या कापडाचंच अप्रूप होतं. एवढं मऊ माझ्या अंगाला कधी लागलं नव्हतं.

आणि मग ह्यू आला. ह्यू नावाडी. साबणाची पिंपं तो होडीतून आणायचा आणि शीळ वाजवायचा. पुढचं सांगायला नको. उन्हाळ्याच्या अखेरीस मला ताप आला होता हे खरं, पण तो चार दिवसांत उतरला होता. मला दिवस गेले होते. लग्नाआधी पोट वाढलेल्या बाईला राजवाड्यात एक दिवस ठेवत नसत, म्हणून मी मावशीला सांगत नव्हते. आज सांगू, उद्या सांगू करत दोन महिने गेले. माझ्या गप्प बसण्याचा वर राणीच्या महालात काय अर्थ लावला जाईल, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. विचार करायचा तो सगळा मी माझ्यापुरताच करत होते.

त्या सोमवारनंतर गोष्टी भराभर घडल्या. राजा एरवी राणीच्या महालात फक्त रात्रीपुरता जायचा, तो दोन वर्षांत पहिल्यांदा तिथं जेवायला गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. स्वयंपाकघरातून निरोप आला की राणीसाठी रोज संत्री काढायची, कुठूनही आणा. आमच्या बायका चादरी धोपटता धोपटता नावं ठरवायला लागल्या. मला राखेच्या पाण्याचा वास सोसेना. मी दाराबाहेर जाऊन ओकायची आणि तोंड धुऊन परत यायची. प्रत्येक वेळी वाटायचं, आता मावशी दारात उभी असेल.

मावशीला कळलं ते चर्चमध्ये. तिसऱ्या रविवारी पाद्रीबाबांनी सगळ्यांना गुडघे टेकायला सांगितले आणि राणीच्या पोटातल्या गर्भासाठी प्रार्थना सुरू केली. देवा, त्याला सांभाळ, त्याला सुखरूप जगात आण. अख्खं चर्च 'आमेन' म्हणालं. माझा हात आपोआप पोटावर गेला. मला कळलंही नाही. मावशी शेजारीच गुडघे टेकून बसली होती. तिनं माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला.

प्रार्थना संपेपर्यंत ती हलली नाही. बाहेर आल्यावर तिनं माझं मनगट धरलं आणि थेट वाळवणाच्या कुरणात नेलं. कुंपणावर राजाच्या चादरी वाळत होत्या.

"कुणाचं?"

"ह्यूचं."

"किती दिवस झाले?"

"दोन महिने. वर थोडे."

तिनं माझ्या थोबाडीत दिली. मग दुसरी दिली. मग स्वतःच मटकन गवतात बसली.

"कार्टे, तुला कळतंय का तू काय केलंस? तुझ्या पोटातल्या पोरासाठी सगळा देश देवापुढं गुडघे टेकून बसलाय. राजा संत्री पाठवतोय. आणखी चार महिन्यांनी राणीचं पोट कुठून आणायचं? मी आणू?"

"मग सांगून टाकू या."

"काय सांगू या? की वर्षभर पेल तुझ्या घड्या हुंगत होता? पुढच्या आठवड्यात माझं डोकं पुलावर भाल्याला खोचलेलं असेल आणि राणी कुठल्यातरी मठात."

मी रडायला लागले. मावशीचा आवाज मग उतरला, आणि तो उतरलेला आवाज मला थोबाडीतपेक्षा जास्त लागला.

"एक वाट आहे. एक पाला असतो. शुक्रवारी सकाळी उपाशीपोटी घ्यायचा. तुझं सुटेल, मग घड्या पेलला दाखवता येतील. म्हणता येईल, उशीर झाला होता, दुसरं काही नव्हतं. राजा चिडेल, पण पुन्हा आशा धरेल. सगळे वाचतील."

सगळे म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. मी मान डोलावली.

बुधवारी भरदुपारी बेआत्रिसबाई खाली आल्या. एरवी त्या दारातूनच टोपली द्यायच्या. त्या दिवशी आत आल्या आणि मावशीचे दोन्ही हात धरले. आमची भाषा त्या तुकड्या-तुकड्यांनी बोलायच्या.

"राजा रोज येतो, मॉड. स्वतः वाढतो. हसतो. बाईसाहेब काही बोलत नाहीत. त्यांना माहीत आहे, त्यांचं बंद झालं वर्ष झालं. त्यांना हे माहीत नाही, लोक का म्हणतात मूल आहे. शिवत बसतात नुसत्या. मला घड्या पाहिजेत. लाल. लवकर."

"शुक्रवारपर्यंत होईल," मावशी म्हणाली.

"कसं होईल?"

चुलीशेजारी पाल्याची जुडी ठेवलेली होती. बेआत्रिसबाईंनी जुडीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. नेमकं तेव्हाच माझ्या पोटात ढवळून आलं आणि मी तोंडावर हात दाबून बाहेर पळाले. परत आले तेव्हा त्या गेल्या होत्या.

"काही म्हणाल्या?"

"छातीवर क्रूस काढला आणि गेली," मावशी म्हणाली. "जा, काम कर."

गुरुवार कसा गेला ते आठवत नाही. ह्यू घाटावर आला, शीळ वाजवली, मी गेले नाही. मला ते मूल हवं होतं का? खरं सांगते, मला ठाऊक नव्हतं. भीतीपुढं दुसरं काही सुचतच नव्हतं. कधी वाटायचं पळून जावं, पण पळाले असते तर मावशी सापडली असती. आईवेगळ्या मला तिनंच वाढवलं होतं.

शुक्रवारी उजाडल्यावर मावशीनं बायकांना नदीवर पाठवलं आणि पेला माझ्यापुढं ठेवला. पाणी काळपट हिरवं झालं होतं. वास पुदिन्यासारखा, पण त्याच्या मागं काहीतरी उग्र. मावशी माझ्याकडे बघत नव्हती. ती राणीच्या सहा घड्या पुन्हा पुन्हा नीट करत होती.

"एका दमात घे," ती म्हणाली. "थांबलीस तर जाणार नाही."

मी पेला उचलला. मी पेला ओठाला लावला आणि दार धाडकन उघडलं.

बेआत्रिसबाई धावत आल्या होत्या. डोक्यावरचं वस्त्र घसरलेलं, श्वास फुललेला. त्यांनी माझ्या हातून पेला हिसकावला आणि चुलीतल्या राखेत उपडा केला.

"प्यायलीस? सांग, प्यायलीस?"

"नाही."

त्या स्टुलावर बसल्या आणि पेला मांडीवर धरून राहिल्या. मावशी ताडकन उठली.

"काय केलंत हे? आज पेल येणार आहे!"

"येणार नाही. संपलं ते. बाईसाहेबांनी मला बुधवारी विचारलं, बेआत्रिस, तुझा चेहरा असा का? मला खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगितलं. कोणाच्या घड्या, कोणाचं मूल, कोणता पाला. त्या खूप वेळ शिवत राहिल्या. मग विचारलं, ती मुलगी किती वर्षांची? मी म्हटलं एकोणीस. काल राजा जेवायला आला. त्यांनी त्याला सांगितलं."

"काय सांगितलं?" मावशीनं विचारलं.

"मूल नाही. आता होणारही नाही. वर्षभर घड्या मीच खोट्या पाठवल्या, दुसऱ्या कुणाचा दोष नाही, कुणाला विचारू नका. राजानं सुरी खाली ठेवली. उठला. गेला. संत्री तशीच राहिली."

मावशी तिथंच जमिनीवर बसली आणि छाती बडवून रडायला लागली. तिला एवढं रडताना मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

"वर्षभर जिवावर उदार होऊन सांभाळलं मी तिला," ती म्हणाली, "आणि तिनं स्वतःच्या हातानं सगळं घालवलं. कशासाठी? एका धोबिणीच्या पोरासाठी?"

"मी पण हेच विचारलं त्यांना," बेआत्रिसबाई म्हणाल्या.

"मग?"

"त्या म्हणाल्या, मी माझी चार पुरली आहेत. माझ्यासाठी पाचवं नको."

चुलीतली ओली राख फसफसत होती.

त्या दिवशी पेल आला नाही आणि पुढंही तपासायला कधी आला नाही. बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. राजाला म्हणे त्या विषयाची किळस आली होती आणि त्यानं पुन्हा चौकशी केली नाही. रात्रंदिवस आम्ही शिपायांची वाट बघत राहिलो, पण शिपाई आले नाहीत. राजाचं राणीच्या महालात जाणं तेवढं थांबलं. थोड्याच दिवसांत दुसऱ्या कुणाचं तरी नाव बायका कुजबुजायला लागल्या.

मावशीनं ह्यूला कानाला धरून चर्चमध्ये लग्नाला उभं केलं आणि मला वाड्याबाहेर, त्याच्या आईच्या घरी बाळंतपणाला धाडलं. वसंतात मला मुलगी झाली. आठवड्यानं बेआत्रिसबाई आल्या. त्यांनी चोळीतून एक टोपडं काढलं. पांढरं, कडेनं बारीक टीप घातलेलं, आणि मागच्या बाजूला निळ्या रेशमाचा इवलासा मुकुट.

"त्या तीन आठवड्यांत त्या हेच शिवत होत्या," बेआत्रिसबाई म्हणाल्या. "त्यांना माहीत होतं मूल नाही. तरी शिवत होत्या. परवा विचारलं, त्या मुलीला काय झालं? मी सांगितलं, मुलगी."

"मग?"

"हसल्या. म्हणाल्या, बरं झालं. मुली जगतात."

त्यानंतर सात वर्षं राणी तशीच राहिली. नावाला राणी. मी पुन्हा धोबीखान्यात लागले होते. मग एका उन्हाळ्यात तिला दूरच्या एका ओलसर घरात हलवलं आणि दवंडी पिटली की तिला कोणी राणी म्हणायचं नाही, म्हणेल त्याला शिक्षा होईल. तिचं मागं राहिलेलं सगळं कापड धोबीखान्यात आणून टाकलं. मास्टर पेल हुकूम घेऊन आला. केस पिकले होते त्याचे.

"प्रत्येक मुकुट उसवायचा," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत. एकही राहता कामा नये. राहिला तर जिच्याकडे सापडेल तिचं काही खरं नाही."

मावशीची नजर तेव्हा अधू झाली होती, म्हणून बहुतेक मीच उसवले. चादरी, अभ्रे, सदरे, आणि शेवटी घड्या. त्यातल्या काही मी ओळखल्या. सुईच्या टोकानं एकेक टाका उचलायचा आणि निळा दोरा ओढून काढायचा. कापड इतकं जुनं झालं होतं की मुकुट गेला तरी त्याच्या जागी बारीक भोकं राहत होती. ती धुऊन जाणार नव्हती.

संध्याकाळी पेल परत आला. त्यानं गठ्ठे चाळले, कोपरे उलटून बघितले.

"झाले सगळे?"

"झाले."

"घरात काही? कुणाकडे काही?"

"नाही," मी म्हणाले.

तो जायला निघाला. मी त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेले आणि तिथंच थबकले. माझी लेक पायरीवर बसली होती. आजीकडून एकटीच आली होती. तिच्या मांडीवर लाकडी बाहुली होती, आणि बाहुलीच्या डोक्यावर ते टोपडं. निळा मुकुट बरोबर पेलच्या तोंडासमोर.

पेल थांबला. त्यानं वाकून बाहुली उचलली. टोपडं बघितलं, मुकुट बघितला. मग माझ्या लेकीकडे बघितलं आणि विचारलं, "किती वर्षांची तू?"

"या वसंतात सात पूर्ण झाली," ती म्हणाली.

तो मनाशी काहीतरी जुळवत होता. ते त्याच्या तोंडावर मला दिसत होतं. सात-आठ वर्षांपूर्वीचा टब, त्यातलं स्वच्छ पाणी, धोपटायच्या थांबलेल्या बायका. मी दाराची चौकट धरून उभी होते आणि आत मावशी विचारत होती, गेला का गं तो?

पेलनं बाहुलीच्या डोक्यावरून टोपडं काढलं. ते उलटं केलं, मुकुट आतल्या बाजूला जाईल असं. पुन्हा बाहुलीच्या डोक्यावर नीट बसवलं, हनुवटीखाली नाडी बांधली आणि बाहुली पोरीच्या हातात दिली.

"गार वारा आहे नदीवर," तो तिला म्हणाला. "टोपडं काढू नकोस तिचं." आणि तो घाटाकडे चालू लागला.